मोरोहाशी सरांचा उतार

मोरोहाशी सरांना "नाही" कसं म्हणायचं, हे कानाए वाकुईला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवणार कोण? तिला जे काही येत होतं ते सरांनीच शिकवलेलं. बर्फात पाय कसा टाकायचा, ढगाची चाल कशी ओळखायची, मोजे ओले झाले म्हणून रडत बसायचं नाही, सगळं त्यांचंच. शाळा संपता संपता वडिलांनी तिला मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, दुकानात बसवायचं ठरवलं, तेव्हा हेच सर ओळीने कितीतरी रविवार दुकानात येऊन ठाण मांडून बसले आणि दर खेपेला गरज नसताना डबाभर मिसो विकत घेऊन गेले. शेवटी वडिलांनी हात टेकले. "तुझी पोरगी डोंगरात जाऊ दे, पण या माणसाला माझ्या दुकानातून ने," असं ते तिच्या आईला म्हणाले म्हणतात. सरांच्या घरी मात्र ते मिसो दोन वर्षं पुरलं.

आता कानाए चव्वेचाळीस वर्षांची होती. उशिरोतानी गावात ती गाईड होती, आणि जपानातल्या निइगाताच्या त्या खोऱ्यातल्या प्रत्येक उताराची तिला खडान्‌खडा माहिती होती. सर सत्तर वर्षांचे झाले होते.

सत्तरी साजरी करायला शाळेच्या गिर्यारोहण मंडळातले चार जुने विद्यार्थी सरांना घेऊन गावात आले. त्यांचा म्होरक्या माकाबे, पूर्वीचा मंडळाचा कप्तान, आता विमा विकायचा आणि तेव्हाइतकाच बोलायचा. ओनोझुका औषधांचं दुकान चालवायची. तेराजिमा आणि हिरुमा हे दोघे शाळेतही फारसे बोलत नसत, अजूनही बोलत नव्हते. सत्तरीची भेट म्हणून काय हवं असं विचारल्यावर सरांनी एकच गोष्ट मागितली होती: उमानोसेचा उत्तर उतार.

गावासमोरच्या मायोई डोंगराच्या खांद्यावरून तो उतार खाली येतो, रुंद आणि उघडाबोडका, मध्ये एक झाड म्हणून नाही. सर तरुणपणापासून त्याच्याकडे बघत आले होते. पण दर खेपेला मंडळाची पोरं बरोबर असायची, आणि दुसऱ्यांची पोरं घेऊन अशा उतारावर कुणी शहाणा माणूस जात नाही. आता त्या पोरांनाच पोरं झाली होती. एप्रिलमध्ये सरांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर स्की विसरा असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे उमानोसे यंदा, नाहीतर कधीच नाही.

कानाएला तो उतार सरांना मनापासून द्यायचा होता. अडचण बर्फाची होती.

जानेवारीच्या शेवटी आठवडाभर आभाळ लख्ख होतं आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी. अशा रात्रींत बर्फाच्या पाठीवर पिसं उगवतात, नखाएवढी, काचेसारखी चमकणारी. सकाळी त्यांच्यातून चाललं की बारीक किणकिण ऐकू येते. टोकियोची पाहुणेमंडळी त्यांचे फोटो काढून थकत नाहीत. कानाएला त्या पिसांचा मनस्वी राग यायचा. कारण मग नवा बर्फ पडतो, पिसं गाडली जातात, आणि वरचा सगळा थर त्या उभ्या, नाजूक टेकूंवर तोलून राहतो. वरून बघावं तर कसं गोरंगोमटं, निरागस! मधोमध एक माणूस गेला की टेकू कोलमडतात आणि अख्खा उतार अंथरुणावरची चादर ओढल्यासारखा खाली येतो. पिसं उगवली, मागोमाग चार दिवस वाऱ्यासह बर्फ पडला, आणि पाचव्या दिवशी सर आले.

आमच्या या खोऱ्यात वाईट गोष्ट चारचौघांत पहिल्यांदा सांगत नाहीत. माणसाला आधी एकटं गाठायचं, हवापाण्याचं बोलायचं, आणि गोष्ट हळूच कानावर घालायची. मग दुसऱ्या दिवशी तोच माणूस ती गोष्ट सगळ्यांसमोर आपली म्हणून मांडतो आणि कुणाचंच नाक कापलं जात नाही. कानाएनेही तेच ठरवलं होतं. संध्याकाळी खानावळीच्या न्हाणीघराबाहेर तिने सरांना गाठलं. पण सर नुकतेच गरम पाण्यातून निघाले होते, गाल लाल झाले होते, आणि अंगात सत्तरीला घालायची रीत असलेली जांभळी, कापूस भरलेली बंडी होती. पोरांनी ती जबरदस्तीने चढवली होती खरी, पण सर मिरवत होते.

"काय ग वाकुई, आभाळ काय म्हणतंय?"

"आभाळ चांगलं आहे, सर. बर्फाचं जरा…"

"बर्फाचं काय?"

"थोडं बघावं लागेल."

"बघ की! बघायलाच तर तुला गाईड केलं," सर हसून म्हणाले. "रात्री झोप लागणार नाही बघ मला. या वयात! बायको असती तर म्हणाली असती, म्हातारा चळला."

त्या चेहऱ्याकडे बघून कानाएच्या तोंडून पुढचा शब्द फुटला नाही. ती म्हणाली, "उद्या सकाळी वर जाऊन ठरवू." दुसरा कुणी असता तर हा नकारच आहे हे त्याला एवढ्यावर कळलं असतं. सरांना कळलं नाही, किंवा त्यांनी कळू दिलं नाही. मग ती आत गेली, नोप्पेची, कंदांच्या रश्श्याची, वाटी पुढे ओढली, आणि माकाबेचं भाषण ऐकत स्वतःला शिव्या घालत बसली.

सकाळी मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळांना केसाळ पट्ट्या चिकटवून सगळे चढायला लागले. निघण्याआधी कानाएने प्रत्येकाच्या छातीवरचं बीकन, गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र, चालू आहे का, ते स्वतः तपासलं. सरांचंही तपासलं. सर शाळेच्या तपासणीत उभे राहावेत तसे हात वर करून उभे राहिले, आणि सगळे हसले. बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून वाट तोडत माकाबे आणि तेराजिमा आळीपाळीने पुढे जात होते. सर मध्ये, हळू पण एका लयीत. गुडघा दुखला की ते थांबून एखाद्या झाडाचं कौतुक करत. कानाएला ती झाडं माहीत होती, त्यांच्यात कौतुक करण्यासारखं काहीही नव्हतं.

खांद्यावर पोचल्यावर समोर उमानोसे उलगडला, आणि खरं सांगायचं तर कानाएलाही त्याची भुरळ पडली. त्यावर एकही रेघ उमटलेली नव्हती. कडेला, धोका नाही अशा जागी, तिने फावड्याने खड्डा खणला, बर्फाचा एक खांब मोकळा कापला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि आधी मनगटाने थापट्या मारल्या. काही झालं नाही. मग कोपरापासून हात उचलून मारायला लागली. दुसऱ्याच थापटीला खांबाचा वरचा भाग टेबलाचा खण उघडावा तसा सरळ पुढे सरकून तिच्या मांडीवर आला. खालच्या बाजूला पिसं जशीच्या तशी चमकत होती.

सगळ्यांनी आधी खांबाकडे पाहिलं आणि मग सरांकडे.

"छोटासा खड्डा आहे," सर म्हणाले. "एवढ्यावरून अख्ख्या उताराचं काय कळतं?"

"हो ना," माकाबे लगेच म्हणाला. "सर म्हणतात ते बरोबर आहे. एका शितावरून भाताची… म्हणजे, एक खांब म्हणजे काही उतार नव्हे."

"आमच्या वेळी खड्डे कुठे खणायचो? नजरेने ओळखायचो."

"नजरच ती सरांची!"

ओनोझुका आपल्या हातमोज्याची शिवण निरखत होती. हिरुमा बर्फाला निरखत होता. कानाएला ठाऊक होतं, आता सर हो म्हणाले तर हे चौघेही हो म्हणतील आणि एकामागोमाग एक उतरतील, कारण सरांना नाही म्हणायचं म्हणजे काय ते त्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात तेराजिमाने पाय बदलला, आणि पायाखालून धप्प असा पोकळ आवाज झाला. अंगणभर जागा बोटभर खाली बसली. सगळे घाबरून हसले. कानाए हसली नाही.

"सर, आज मला असं वाटतं, की कदाचित…" तिने सुरुवात केली, आणि आपलाच मऊ मऊ आवाज ऐकून तिला आपलीच चीड आली. तिने घसा साफ केला. "नाही, सर. मी नेणार नाही. तुम्हालाही नाही, कुणालाच नाही."

एवढं साधं, उघडं वाक्य त्या मंडळींत कुणी सरांसमोर उच्चारलं नव्हतं. माकाबेचं तोंड उघडंच राहिलं. सरांनी उताराकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "ठीक."

बस, एवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाठ फिरवली, वाकून स्कीचे बंद आवळले, आणि ते करताना त्यांचा हात दोनदा निसटला. कानाएला वाटलं, आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या ताटातला घास काढून घेतला.

आणि हेही इथेच सांगून टाकतो, की उमानोसे त्या दिवशी कोसळला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो सगळा हिवाळा तसाच गोरा, शांत पडून राहिला आणि एप्रिलमध्ये गुपचूप वितळून गेला. कानाए बरोबर होती की नव्हती, हे डोंगराने तिला कधीही सांगितलं नाही. गाईडच्या धंद्यात शाबासकी अशीच असते.

परतीला तिने जंगलातली सौम्य वाट धरली. सर एक शब्दही काढत नव्हते. फक्त माकाबे मधूनमधून मोठ्याने सुस्कारे टाकत होता, तिला ऐकू जातील असे.

त्या वाटेवर एक मोकळी जागा लागते. लहानसाच तो उतार आहे, शाळेच्या मैदानाच्या निम्माही नसेल. डाव्या अंगाला बीचच्या झाडांचा उंचवटा, आणि खाली एक घळ, जिच्या तळाशी ओढा बर्फाखाली गाडलेला. कानाएने सगळ्यांना वरच थांबवलं. "एकेक जण यायचं. झाडांना धरून उतरायचं. मी त्या मोठ्या बीचपाशी उभी राहते, सगळ्यांनी तिथेच यायचं. खालच्या घळीत कुणी जायचं नाही. वरून थोडंसं जरी आलं तरी सगळं तिथेच साठतं." मग ती आधी उतरली, आणि एकेक करून चौघेही येऊन पोचले. सर शेवटी येणार होते, तसं आधीच ठरलं होतं.

माकाबेने पाठीवरची पिशवी उतरवली आणि आतून साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा थर्मास, छोटे पेले, जांभळी टोपी आणि घडी केलेलं कापड काढलं. कापडावर ओनोझुकाच्या सुंदर अक्षरात सरांचं अभिनंदन लिहिलेलं होतं. हे उमानोसेच्या पायथ्याशी करायचं होतं. आता इथे.

"चला, खाली उभे राहू, ओळीने," माकाबे म्हणाला.

"खाली नको. इथेच थांबा."

"इथे? झाडामागे? सर सत्तरी पुरी करून उतरताहेत आणि आपण काय झाडामागे लघवीला बसल्यासारखे लपून राहायचं? इथून त्यांना आपण दिसणारसुद्धा नाही."

"माकाबे, मी आत्ताच सांगितलं ना?"

"सांगितलंस. सकाळपासून तूच सांगते आहेस, गाईडबाई." त्याने आवाज खाली आणला. "त्यांचा चेहरा पाहिलास तू? एकदा चारचौघांत पाणउतारा केलास. आता स्वागतही चोरासारखं करायचं का? पाच मिनिटांचं काम. एवढासा तर उतार."

"अगं, पाचच मिनिटं," ओनोझुकाही हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

इथे कानाएने नाही म्हणायला हवं होतं. सकाळी सरांना म्हणालीच होती की! पण सकाळचं ते "नाही" तिला इतकं महाग पडलं होतं, की दुसरं तिच्याजवळ उरलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर सरांचा तो निसटणारा हात होता. तिला वाटलं, एवढं तरी मिळू दे त्यांना. आणि ती नुसती गप्प बसली नाही. ती स्वतःसुद्धा खाली उतरली आणि ओळीच्या टोकाला उभी राहिली. गाईड वर त्या बीचपाशीच राहिली असं म्हणा, खाली गेली ती सरांची विद्यार्थिनी.

पाचही जण घळीत ओळीने उभे राहिले. पेले भरले. कापड ताणून धरलं. आणि सगळ्यांनी वर बघून कमरेतून वाकून नमस्कार केला.

वर सर कडेला येऊन उभे होते. ते उतरले नाहीत. त्यांनी दोन्ही काठ्या उचलल्या आणि डोक्यावर एकमेकींवर आडव्या धरून भलीमोठी फुली केली.

"बघा, बघा, संकोच करताहेत!" माकाबे आनंदाने म्हणाला. "या, सर! या!"

आता असा मान कुणी पहिल्या बोलावण्याला घेतं का? आपण नको नको म्हणायचं, समोरच्यांनी आग्रह करायचा, आणखी एकदा नको म्हणायचं, आणखी आग्रह, आणि मग कुठे माणूस मोठ्या नाइलाजाने पुढे येतो. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. पाचही जण पुन्हा वाकले आणि हात हलवून बोलवायला लागले. सरांनी पुन्हा फुली केली, आणखी मोठी, आणि पाय आपटला.

"किती तो विनय!" ओनोझुका डोळे पुसत म्हणाली.

कानाएचाही हात वर होता. तीही बोलवतच होती. मग तिच्या लक्षात आलं, की सर त्यांच्या तोंडाकडे बघतच नाहीत. ते आपल्या पायाखालच्या बर्फाकडे बघत होते, मग घळीकडे, मग पुन्हा बर्फाकडे. ही फुली तिने पाहिली होती. फळ्यावर कुणी उदाहरण चुकवलं की मागच्या बाकापर्यंत दिसावी म्हणून सर दोन्ही हातांनी अशीच फुली करत. त्यात विनय कधीच नव्हता. सरांनी एक काठी झाडांच्या दिशेने रोखली.

"वर!" ती ओरडली. "झाडांकडे! सगळे! आत्ताच्या आत्ता!"

"अगं पण सर येताहेत…"

"सरच सांगताहेत, मूर्खा! चल!"

तिने माकाबेची पिशवी धरून त्याला अक्षरशः फरफटत नेलं. पेले सांडले, कापड तिथेच पडलं, थर्मास राहिला. कुणी स्कीवर, कुणी गुडघ्यांवर, धापा टाकत सगळे उंचवट्यावरच्या मोठ्या बीचमागे पोचले. कानाएने मोजलं. पाच. तिने पुन्हा मोजलं.

वरून सर सगळं बघत होते. शेवटचा हिरुमा झाडामागे गेल्यावर त्यांनी काठ्या बर्फात रोवल्या आणि हात डोक्यावर गोल धरले, बरोबर उत्तराला धरायचे तसे. मग काठ्या उपटून ते निघाले.

त्यांनी कानाएने सांगितलेली वाट सोडली नाही. झाडांना अगदी चिकटून, जुन्या पद्धतीने, गुडघे फार न वाकवता, हळूहळू वळणं घेत ते आले. निम्म्यावर पोचले असतील नसतील, तोच त्यांच्या स्कीपासून एक काळी रेघ निघाली आणि कापड फाटावं तशी आडवी पळत गेली. आवाज फार मोठा झाला नाही. तो सबंध लहानसा उतार तुकडे तुकडे होऊन चालायला लागला. सरांची खालची स्की त्यात सापडली. ते पडले, ओढले गेले, आणि एका कोवळ्या बीचला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली. बर्फ त्यांच्या अंगावरून, बाजूने वाहत राहिला.

मग सगळं थांबलं.

"सर!" पाच जणांच्या तोंडून एकदमच आलं.

"ओरडू नका," सर म्हणाले. "झाडाला धरलंय मी."

वर लोंबकळणारं काही उरलेलं नाही याची खात्री करून कानाए एकटीच त्यांच्याजवळ गेली. डावा पाय मांडीपर्यंत गच्च गाडला गेला होता. बर्फ आता सिमेंटसारखा झाला होता. हाताने उकरला जात नव्हता. तिने फावडं काढलं आणि खणायला लागली, आणि खणताना तिच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत. पाय मोकळा झाला. मोडलेला नव्हता. स्की गेली होती.

मग ती खाली घळीपाशी आली. आपण उभे होतो ती जागा कुठली, हे तिला नेमकं सांगता येईना, कारण घळच उरली नव्हती. तिने गाडलेला माणूस शोधायची घडीची प्रोब काठी झटकून लांब केली आणि बर्फात खुपसली. काठी गेली, गेली, जातच राहिली. माणसाच्या उंचीइतकी गेली, त्याच्याही पुढे गेली. शेवटचा मूठभर भाग बाहेर उरला तरी खाली काही लागेना. सगळे त्या काठीकडे बघत होते. माकाबे खाली बसला. पुढे संध्याकाळपर्यंत तो काही बोलला नाही, आणि त्याच्या आयुष्यातला हा बहुधा विक्रम असावा.

कानाए वर आली. सर बीचला टेकून बसले होते. ती त्यांच्यासमोर बर्फात गुडघे टेकून वाकली, कपाळ बर्फाला लागेपर्यंत.

"चूक माझी आहे, सर. मला माहीत होतं. मी त्यांना जाऊ दिलं. मी स्वतः गेले."

"का गेलीस?"

"तुमचं वाईट वाटलं म्हणून."

"मला वाटलंच," सर म्हणाले. "ऊठ आधी. कपाळ गोठेल. माझं वाईट वाटून घ्यायचं असेल तर घरी जाऊन घे, वाकुई. गरम पाण्यात बसून पोटभर वाटून घे. इथे नाही. इथे पाच जणांची ती किंमत झाली असती."

"हो, सर."

"आणि सकाळपासून मी बोललो नाही म्हणून तुम्हाला सगळ्यांना वाटलं असेल, म्हातारा फुगून बसलाय." त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. चौघेही हळूहळू जवळ येऊन उभे राहिले होते. "थोडा फुगलोच होतो. उतार गेला ना माझा! पण नुसतं तेवढंच नव्हतं. सकाळी तो खांब दुसऱ्याच थापटीला सरकला तेव्हा मलाही दिसलं होतं. तरी मी बोलून गेलो, आमच्या वेळी नजरेने ओळखायचो. आणि तुम्ही चौघं हो म्हणालात. आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो, शंका असेल तर हात वर करा, मला अडवा. एकाने कधी अडवलं नाही. मला वाटायचं, मी सगळं बरोबरच करत असेन म्हणून अडवत नसतील. आज हिने अडवलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं तुम्ही सगळे मला नुसते घाबरत होतात."

"घाबरत नव्हतो, सर," ओनोझुका म्हणाली. "आम्हाला तुम्ही आवडता."

"तेच ते. दोन्हीत माणूस मरतोच."

हिरुमाला हसू आलं आणि मग तो एकदम हुंदके द्यायला लागला. तेराजिमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सरांनी नाक पुसलं. ती जांभळी टोपी, तो साके, ओनोझुकाने रात्र रात्र बसून लिहिलेलं कापड, सगळं खाली गेलं होतं, आणि कुणालाही ते परत नको होतं.

"आता इथून बाहेर कसं पडायचं?" सरांनी विचारलं. ते कानाएकडे बघून विचारत होते.

गाव अजून बरंच खाली होतं. दिवस कलायला लागला होता. सर एकाच स्कीवर उतरू शकणार नव्हते. उरलेली ती स्की माकाबेने न सांगता आपल्या पाठीला बांधली आणि सर पायी चालायला लागले. कानाए पुढे झाली. तिने जंगलातली दाट वाट निवडली, लांबची आणि कंटाळवाणी. दर वळणाला ती थांबायची, वर बघायची, जागा दाखवायची, आणि मग एकेक जण यायचा. कुणीही विचारलं नाही की का, किती वेळ, आणि इथेच का. एका ठिकाणी हिरुमाने स्वतःहून हात वर केला आणि म्हणाला, मला वरचा तो भाग आवडत नाही. कानाएने पाहिलं. तिलाही आवडला नाही. ती वळसा घालून गेली.

गावातले दिवे दिसायला लागले तेव्हा शेवटची एक छोटी मोकळी जागा राहिली होती. काही विशेष नव्हती ती. एरवी गावातली पोरं तिथे घसरगुंडी खेळतात. कानाए आधी ओलांडून गेली. मागून सर आले, लंगडत, तिच्याच पावलांत पाऊल टाकत, आणि तिने दाखवलेल्या सीडरच्या झाडाशी येऊन थांबले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा झाडाकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे.

"इथे उभा राहू ना?"

कानाएने जागा नीट पाहिली.

"आणखी दोन पावलं आत, सर."

आणि सर दोन पावलं आत सरकले.